हजार किलोमीटरचं सोवळं

सुरुवातीलाच कबूल करते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. 'एकोणसत्तर' म्हटलं की मला अजूनही मनातल्या मनात इंग्लिशमध्ये जाऊन परत यावं लागतं. "मेकॅनिकलची आहेस ना, मग गाडीवर लिही, पण शुद्ध मराठीत लिही," असा दम मराठी विभागाच्या संपादकांनी दिलाय. शुद्धचं काही जमणार नाही. पिस्टनला मराठीत 'दट्ट्या' म्हणतात हे मला माहीत आहे, पण कोल्हापुरात उद्यमनगरात जाऊन "दट्ट्या दाखवा" म्हटलं तर मिस्त्री मला हँडपंपाच्या दुकानात पाठवेल. तेव्हा चालवून घ्या.

तर विषय असा, की 2024 च्या दसऱ्याला आमच्या घरी पहिली कार आली. छोटीच आहे, पेट्रोल, पांढरी. पप्पांनी सव्वीस वर्षं नोकरी केली, माझी फी भरली, घराचा हप्ता फेडला आणि मग घेतली. शोरूममध्ये आम्हाला पुठ्ठ्याची भली मोठी किल्ली दिली, फोटो काढले, केक कापला (गाडीचा वाढदिवस होता की बारसं, ते शेवटपर्यंत कळलं नाही), चाकाखाली लिंबं ठेवली आणि आम्ही घरी आलो. निघताना तिथल्या मुलाने पप्पांना एवढंच सांगितलं, "सर, पहिले हजार किलोमीटर जरा जपून हं. चाळीस-पन्नासच्या वर नको."

त्या दिवसापासून आमच्या घरात सोवळं सुरू झालं.

पप्पा गाडी चाळीसवर चालवायचे. म्हणजे चाळीसच. एकोणचाळीस झाली तर थोडा पाय, एक्केचाळीस झाली तर पाय वर. आणि 'इंजिनला त्रास नको' म्हणून चाळीसलाही पाचवा गिअर. टॅकोमीटरचा काटा बाराशेच्या आसपास, डॅशबोर्ड थरथरतोय, सीट थरथरतेय, पण पप्पांचा चेहरा शांत. रोज सकाळी आंघोळ झाली की गाडी पार्किंगमध्ये दहा मिनिटं नुसती चालू ठेवायची, 'तेल फिरलं पाहिजे' म्हणून. मग बंद करून वर कापड. ऑफिसला ते मोटरसायकलवरच जायचे. रविवारी गाडी निघायची ती मंडईपर्यंत, जाऊन-येऊन चार किलोमीटर. सीटचं प्लॅस्टिक अर्थातच काढलेलं नव्हतं. आमच्याकडे टीव्हीचा रिमोटसुद्धा अजून प्लॅस्टिकमध्ये आहे, तर सीटचं काय घेऊन बसलात!

यात हसण्यासारखं बरंच आहे, आणि मी हॉस्टेलवर सगळ्यांना सांगून हसवलंही. पण त्यात आजी होती. आजीचं वय अठ्ठ्याहत्तर. तिचं माहेर आंबा घाट उतरून साखरप्याजवळ. गाडी आली त्या दिवशी तिने एकच मागितलं होतं, "यंदा शिमग्याला पालखीला न्या मला." एसटीने जाणं आता तिच्या गुडघ्यांना झेपत नाही. पप्पांनी लगेच सांगितलं, "नक्की जाऊ. फक्त हजार होऊ देत. नव्या इंजिनावर घाट नको." आजी दर रविवारी मंडईतून भाजी आली की पिशवी घेता घेता विचारायची, "किती झाले?"

जानेवारी 2025 च्या शेवटी मी घरी आले तेव्हा झाले होते तीनशे वीस. मी हिशोब घातला. याच वेगाने हजार व्हायला अजून सात महिने. म्हणजे शिमगा नाही, गणपतीच.

पाचव्या सेमिस्टरला नुकताच आयसी इंजिन्स विषय झाला होता, त्यामुळे मला जरा जास्तच आलं होतं. मी पप्पांना जेवतानाच सांगितलं, की तुम्ही गाडी जपत नाही आहात, खराब करताय. पद्धत चुकली हे खरंच होतं, पण बोलायची माझी पद्धतही चुकलीच. "तुम्हाला इंजिनातलं काही कळत नाही" असं वाक्य मी बोलून गेले. आई म्हणाली, "पुरे." पप्पा काही बोलले नाहीत. ताट उचलून गेले.

रात्री त्यांनी मला एक गोष्ट सांगितली.

1984 साली आजोबांनी स्कूटर घेतली होती. नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट बघून मिळालेली. मिळून दहा दिवसही झाले नव्हते, आणि आजोबा सगळ्यांना घेऊन जोतिबाला निघाले. पुढे उभे पप्पा, वय वर्षं दहा-अकरा. मागे आजी, मांडीवर आत्या. केर्लीवरून डोंगर चढायला लागल्यावर एका वळणावर स्कूटर 'चिर्रर्र' करून जागच्या जागी अडकली. मागचं चाकच फिरेना. सगळे खाली. कुणाला फार लागलं नाही, पण पिस्टन सिलिंडरला चिकटला होता. स्कूटर टेम्पोत घालून परत आणली. बोअर करायला, नवा पिस्टन टाकायला जे पैसे लागले ते आजोबांनी उसने घेतले, आणि त्या वर्षी पप्पांची शाळेची सहल रद्द झाली. मिस्त्रीने आजोबांना सगळ्यांसमोर सुनावलं होतं, "नव्या गाडीवर चौघं बसून घाट चढतात काय? पहिले हजार चाळीसच्या वर जायचं नसतंय!"

म्हणजे पप्पांना इंजिनातलं कळत नव्हतं असं नाही. त्यांना 1984 चं इंजिन कळत होतं.

आणि मित्रांनो, इथेच माझा मुद्दा आहे. चाळीसचा नियम वेडगळ नव्हता. तो एका विशिष्ट यंत्रासाठी होता आणि तिथे अगदी बरोबर होता. त्या काळची टू-स्ट्रोक स्कूटर म्हणजे हवेवर थंड होणारं इंजिन. पिस्टन अॅल्युमिनियमचा, सिलिंडर बिडाचा. अॅल्युमिनियम तापलं की बिडाच्या साधारण दुप्पट फुगतं. दोघांमधली जागा आधीच केसाएवढी. तेल कुठून येणार? पेट्रोलमध्ये मिसळलेलं टू-टी असायचं तेवढंच. नवीन असताना पृष्ठभाग खरखरीत, घर्षण जास्त, उष्णता जास्त, त्यात चार माणसं आणि चढ. पिस्टन फुगतो, तेलाचा पातळ थर तुटतो, धातू धातूला लागतो आणि चिकटतो. यालाच आपण 'सीझ झाली' म्हणतो. अशा गाडीला पहिले काही दिवस हळू चालवणं, मधेमधे थांबवून गार होऊ देणं, पेट्रोलमध्ये तेल थोडं जास्त घालणं, हे सगळं शहाणपणाचंच होतं. कारच्या बाबतीतही जुन्या काळी असंच होतं. इंग्लंडात 1950 च्या दशकात नव्या गाडीच्या मागच्या काचेवर लोक पाटी लावत, की गाडी रनिंग-इनमध्ये आहे, कृपया पुढे जा. म्हणजे आमच्या पप्पांसारखे तिकडेही होते!

आता आजच्या गाडीत काय होतं ते बघू. (ज्यांना आयसी इंजिन्सला बॅकलॉग आहे त्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.)

गेल्या वर्षी आमची इंडस्ट्रियल व्हिजिट शिरोलीच्या एका फाउंड्रीत आणि तिच्या मशिन शॉपमध्ये होती. कोल्हापूरवाल्यांना माहीतच आहे, आपल्याकडे शिरोली, गोकुळ शिरगाव इथे इंजिनाचे ब्लॉक आणि हेड ओतले जातात. तिथे मी पहिल्यांदा होनिंग बघितलं. सिलिंडर आतून आरशासारखा गुळगुळीत करत नाहीत. मुद्दाम त्यावर एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या बारीक रेघा पाडतात, चटईच्या विणीसारख्या. या रेघांत तेल थांबतं. आणि त्यांची जी टोकं वर राहतात, त्यांच्यावर पिस्टनच्या रिंगा घासून घासून रिंग आणि सिलिंडर एकमेकांच्या मापाचे होतात. 'रिंग बसणे' म्हणतात ते हेच. गंमत म्हणजे इंग्लिश पुस्तकं म्हणतात रिंग 'बसली' पाहिजे आणि आपला मिस्त्री म्हणतो इंजिन 'मोकळं' झालं पाहिजे. दोघं एकच गोष्ट सांगतायत, एक आतून बघून आणि एक बाहेरून ऐकून.

आता रिंगेला सिलिंडरवर दाबतं कोण? मी आधी समजायचे की रिंगेचा स्वतःचा ताण. तो असतो, पण थोडा. खरं काम करतो तो जळणाऱ्या गॅसचा दाब. हा गॅस वरच्या रिंगेच्या मागच्या खाचेत शिरतो आणि तिला बाहेर ढकलतो. म्हणजे इंजिनावर जेवढा लोड, तेवढा गॅसचा दाब, तेवढी रिंग घट्ट. गाडी उभी ठेवून नुसती चालू ठेवली तर लोड जवळजवळ शून्य. रिंग सिलिंडरवर नुसती तरंगत राहते. तेल वर येतं, जळतं, आणि त्याचा वार्निशसारखा चकचकीत थर सिलिंडरवर बसायला लागतो. त्या बारीक रेघा भरून जातात. याला ग्लेझिंग म्हणतात. एकदा ते नीट झालं की मग रिंग बसणं अवघड, आणि गाडी आयुष्यभर तेल पिते. डिझेल जनरेटर सांभाळणाऱ्या माणसाला विचारा. मोठा जनरेटर महिनोन्‌महिने एका पंख्यावर आणि दोन ट्यूबवर चालवला की त्याचं काय होतं, ते तो प्रोफेसरपेक्षा चांगलं सांगेल.

याहून मजेशीर उदाहरण विमानाचं. छोट्या विमानांची पिस्टन इंजिनं बनवणाऱ्या लायकमिंग कंपनीच्या सूचना बघा. नवं किंवा नुकतंच ओव्हरहॉल झालेलं इंजिन असेल, तर त्यात साधं मिनरल ऑइल घाला आणि विमान क्रूझला 65 ते 75 टक्के पॉवरवर उडवा, असं त्या सांगतात. जमिनीवर उगाच जास्त वेळ चालवत बसू नका, कारण रिंगा बसायला दाब लागतो. आता बघा हं, जिथे इंजिन बंद पडलं तर बाजूला घेऊन फोन करायची सोय नाही, तिथले लोक नव्या इंजिनाला 'जपतात' ते त्याच्याकडून काम करून घेऊन!

हे वाचून काही जणांचे डोळे चमकले असतील. मला माहीत आहे, आपल्या हॉस्टेलमध्ये दुसरा पंथही आहे. नवी बाईक घेतली की शोरूमच्या गेटपासूनच पिळायची. 'पहिल्या तीस किलोमीटरमध्ये जी रिंग बसली ती बसली, नाहीतर कधीच नाही' हे त्यांचं सुभाषित. आमच्या वर्गातल्या एकाने नव्या बाईकवर पहिल्याच संध्याकाळी लिमिटर लागेपर्यंत रेझ केली, तीसुद्धा स्टँडवर उभी करून. म्हणजे लोड काहीच नाही, फक्त आवाज. याला रनिंग-इन म्हणत नाहीत, वरात म्हणतात.

या पंथाच्या बोलण्यात अर्धं खरं आहे म्हणून तो जास्त धोक्याचा. लोड पाहिजे हे खरं. पण 'पाहिजे' म्हणजे 'सगळा पाहिजे' नव्हे. इंजिनात फक्त रिंगाच नसतात. बेअरिंगं असतात, कॅमशाफ्ट असतो, गिअरबॉक्समध्ये दात असतात, आणि तेल गरम व्हायच्या आत सहा हजार आरपीएमला नेलं तर या कुणाचंच भलं होत नाही. शिवाय नव्या गाडीचे ब्रेक पॅड अजून डिस्कला पूर्ण टेकत नसतात. नव्या टायरचा वरचा थरही थोडा निसरडा असतो. इंजिनाची परीक्षा घ्यायला निघालेला माणूस ब्रेकच्या पेपरला नापास व्हायचा.

मग खरं काय? खरं त्या पुस्तकात लिहिलेलं असतं, जे ग्लोव्ह बॉक्समध्ये पिशवीसकट पडलेलं असतं. आमचंही पडलं होतं. मी ते जानेवारीत पहिल्यांदा उघडलं (त्याच्यावरचं प्लॅस्टिकही मीच फाडलं). त्यात रनिंग-इनला जेमतेम अर्धं पान होतं. पहिले 960 किलोमीटर इंजिन रेझ करू नका. फुल थ्रॉटलवर सुटू नका. पहिल्या सव्वातीनशे किलोमीटरमध्ये कचकन ब्रेक मारू नका. हे सगळं पप्पांच्या बाजूचं. पण पुढे: एकाच वेगाने जास्त वेळ चालवू नका, मग तो वेग जास्त असो की कमी. वेग बदलत राहा. आणि वरच्या गिअरमध्ये हळू चालवू नका. हे मात्र सगळं पप्पांच्या विरुद्ध! पाचव्या गिअरला चाळीस म्हणजे त्या अर्ध्या पानातल्या दोन ओळींचा एका वेळी भंग. (960 हा आकडा असा विचित्र का, याचा मी बराच विचार केला. 600 मैलांचे साधारण 965 किलोमीटर होतात. माझा अंदाज, तिकडच्या सहाशेचं आपल्याकडे असं भाषांतर झालं असावं. 'एकोणसत्तर'च्या बाबतीत माझं होतं तसंच.)

आणि त्या अर्ध्या पानात 'चाळीस' हा शब्द कुठेही नव्हता.

मला शोरूमवाल्या मुलाचा राग नाही. त्याला कुणीतरी सांगितलं, त्याने पुढे सांगितलं. राग याचा आहे, की गाडी हातात देण्याचा कार्यक्रम तासभर चालतो, त्यात पुठ्ठ्याच्या किल्लीला दहा मिनिटं असतात, सेंटच्या बाटलीची आणि फ्लोअर मॅटची विक्री होते, आणि लाखो रुपये देणाऱ्या माणसाला त्या अर्ध्या पानासाठी दोन मिनिटं कुणी देत नाही. बरं, पुस्तक इंग्लिशमध्ये. पप्पांना इंग्लिश वाचता येतं, पण 'प्रोलाँग्ड ऑपरेशन अॅट कॉन्स्टंट स्पीड' असलं काही समोर आलं की माणूस पान उलटतो. माझ्या फीमध्ये पप्पांनी जे इंग्लिश विकत घेतलं, ते त्यांच्या गाडीसाठी वापरायला मला साडेतीन महिने लागले. हा राग स्वतःवरचाही आहे.

आपल्या सिलॅबसबद्दलही एक वाक्य. हीट बॅलन्स शीट आम्ही पाठ केलं, लॅबमधल्या त्या जुन्या सिंगल सिलिंडर डिझेलवर मोर्स टेस्ट का होत नाही हे व्हायव्हाला सांगितलं, पण नवं इंजिन कसं चालवायचं यावर मला नोट्समध्ये एक ओळ मिळाली नाही. असो.

आता खरा पुरावा. भांडणाच्या दुसऱ्या दिवशी मी पप्पांसमोर बॉनेट उघडलं आणि तेल भरायचं झाकण काढलं. झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळसर पांढरा, लोण्यासारखा थर. पप्पांचा चेहरा पडला. त्यांना वाटलं गॅस्केट गेलं, पाणी तेलात आलं. खरं सांगायचं तर क्षणभर मलाही तसंच वाटलं. माझी इंजिनिअरिंग तिथेच संपली, आणि आम्ही दोघं कूलंटची बाटली बघत उभे. तिची पातळी बरोबर होती.

शेवटी उद्यमनगरातल्या पप्पांच्या नेहमीच्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी बोटाने तो थर काढला, वास घेतला आणि विचारलं, "रोज किती चालतीया?" पप्पा म्हणाले, "रविवारी. चार किलोमीटर." मिस्त्री हसले. "आन् रोज सकाळी हुभी चालू ठेवताय व्हय? मग दुसरं काय हुणार! सायेब, इंजिन तापतंच न्हाई तुमचं. आतलं पानी उडायचं कसं? ह्ये लोनी हाय तुमच्या काळजीचं. गाडी जरा लांब न्या."

इंजिनात पेट्रोल जळलं की पाण्याची वाफ होते. थोडी वाफ रिंगांच्या बाजूने खाली क्रँककेसमध्ये उतरतेच. इंजिन पूर्ण तापलं तर ती उडून जाते. अर्धवट तापवून बंद केलं तर तिथेच थंड होऊन तेलात फेटली जाते, तिचंच ते लोणी. आणि थंड इंजिनात पेट्रोलही थोडं न जळता तेलात उतरतं, ते वेगळंच. म्हणजे पप्पांच्या रोजच्या दहा मिनिटांनी तेल 'फिरत' होतं खरं, पण फिरता फिरता पातळ आणि खराब होत होतं. कापडाखाली, सावलीत, एक ओरखडा न पडता.

एक मुद्दा माझ्या विरुद्धचाही लिहिते, कारण आमचे सर म्हणतील की तू फक्त सोयीचंच लिहिलंस. आजकाल होनिंगच दोन टप्प्यांत करतात. दुसऱ्या टप्प्यात रेघांची वरची टोकं कारखान्यातच घासून टाकतात. म्हणजे पूर्वी मालकाने हजार किलोमीटरमध्ये जे काम करायचं, त्यातलं बरंचसं आधीच झालेलं असतं. बऱ्याच कारखान्यांत इंजिन पेट्रोल न घालता मोटरने फिरवूनही तपासतात. मग रनिंग-इनचा एवढा बाऊ कशाला? बरोबर आहे, बाऊ नकोच. पप्पांनी केलं त्याने आमच्या गाडीचं कायमचं वाटोळं झालं असं मी म्हणत नाही, तसं झालेलंही नाही. मी म्हणते की राहिलेलं थोडं काम गाडीला चालवूनच होतं. कधी वेग, कधी सोडलेला पाय, कधी चढ, कधी उतार. आणि याला घाटासारखी दुसरी जागा नाही. ज्या घाटाला पप्पा भीत होते, तोच खरं तर पुस्तकातल्या 'वेग बदलत राहा'चा धडा होता.

मार्च 2025 मध्ये, शिमग्याला, आम्ही निघालो. सीटचं प्लॅस्टिक आईने आदल्या रात्री कुणाला न विचारता काढलं. ओडोमीटरवर चारशे दहा. आजी पुढे, हातात बटव्यासकट. मलकापूरपर्यंत पप्पांनी पन्नास, साठ, सत्तर, परत पन्नास असं चालवलं, मी मागून कंडक्टरसारखी सांगत होते. "आता पाय सोडा. आता द्या." आंबा घाट उतरताना तिसऱ्या गिअरमध्ये, ब्रेकवर पाय कमी. उतारावर पाय सोडला की सिलिंडरमध्ये ओढ तयार होते, थोडं तेल वर येऊन रिंगा धुतल्या जातात, असं मी समजावत होते. आजी म्हणाली, "तू गप बस, मला दरी बघू दे."

पालखी बघितली. आजी नाचली नाही, पण उभी राहिली. तिच्या मानाने तेच खूप.

परतीला चढ. पाच माणसं, कारण आत्यापण आली होती, आणि डिकीत आजीच्या भावाने दिलेले नारळ. आमच्या गाडीत टेम्परेचरचा काटाच नाही. थंड असताना निळा दिवा लागतो, फार तापली तर लाल. पप्पांची नजर रस्त्यावर कमी आणि न लागलेल्या लाल दिव्यावर जास्त. एका वळणावर त्यांनी तिसऱ्यातच ओढायला घेतली, गाडी गुरगुरली. मी म्हटलं, "दुसरा टाका, पप्पा." त्यांनी टाकला. काटा तीन हजारावर गेला, आवाज वाढला, आणि गाडी चढली. एसी पप्पांनी स्वतःहून बंद केला होता, तो मी चालू करायला सांगितला नाही. एवढं तरी शिकले होते.

वर आंबा गावाजवळ पप्पांनी गाडी बाजूला घेतली. कुणी काही बोललं नव्हतं. ते उतरले, पुढे गेले आणि बॉनेटवर तळहात ठेवून नुसते उभे राहिले. लहान मुलाचा ताप बघतात तसे. मी उतरणार, तेवढ्यात आजीने काच खाली केली आणि डोकं बाहेर काढून ओरडली,

"काय रे, पुन्हा चिकटली काय?"

आत्या एवढी हसली की तिला ठसका लागला. पप्पाही हसले, पण हात काढायला त्यांनी अजून एक मिनिट घेतलं.

हे लिहिताना ओडोमीटरवर दोन हजार एकशे चाळीस आहेत. झाकण स्वच्छ आहे, तेल खाली गेलेलं नाही. सकाळची दहा मिनिटं बंद झाली. कापड मात्र पप्पा अजून घालतात, आणि त्यावर बोलायची माझी हिंमत नाही.